विल्मारचं मरण

पातेलं डोक्यावर घेऊन ओर्फिलिया वळणावर आली आणि तिला विल्मार मेलेला दिसला. पायऱ्यांवर उताणा पडला होता. डोकं उताराकडे, एक हात पाठीखाली दुमडलेला, पांढरा बनियन छातीपासून बेंबीपर्यंत लाल. डोळे अर्धवट उघडे होते. सकाळचं ऊन उघड्या विटांच्या भिंतीवरून उतरून त्याच्या तळपायांपर्यंत आलं होतं आणि एका पायात चप्पल नव्हती. हे सगळं तिनं एकदमच पाहिलं आणि पाहता पाहता तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. ऊबदार, हलकं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाच्या नाकात शेजारच्या घरातल्या रश्श्याचा वास शिरावा, तसं. झालं एकदाचं. शब्द तोंडाबाहेर आले नाहीत, पण ते तिला जिभेवर लागले. पातेल्यात विकायला न्यायची, नुकतीच उकडलेली चोंतादुरोची फळं होती, त्यांची धग चुंबळीतून टाळूला लागत होती, आणि त्या क्षणी ती धगसुद्धा तिला बरी वाटली. मग विल्मारनं डोळे मिटले, पुन्हा उघडले, कोपरावर रेलून उठून बसला आणि म्हणाला, "पाणी द्या रे कुणीतरी. मानेवर मुंग्या चढल्यात."

कुणीतरी हसलं. तेव्हा तिला बाकीची माणसं दिसली. वरच्या गच्चीत, खालच्या दुकानाच्या ओट्याशी, दिव्याच्या खांबाला टेकून उभी असलेली, शहरातली, स्वच्छ बुटांची माणसं. एकाच्या खांद्यावर कॅमेरा होता आणि त्याचं तोंड तिच्याकडे होतं. टेकडीवर सिनेमावाले आलेत, पोरांच्या टोळ्यांवर सिनेमा काढतायत, आपल्याच पोरांना कामं देतायत, हे तिनं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि समोर आलेलं यांची गाठ पडायला वेळ लागतो. "ओ बाई, रस्ता बंद केलाय, दिसत नाही का?" असं एक पोरगा ओरडला आणि लगेच एका बाईचा आवाज आला, "राहू दे. ओरडू नकोस त्यांच्यावर. त्यांना जाऊ दे." विल्मारचं लक्ष आता तिच्याकडे गेलं. त्याच्या तोंडावरचं हसू फडक्यानं पुसावं तसं गेलं. तो उठला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला, मान खाली. सुधारगृहातून सुटून आल्यापासून तो हेच करत आला होता. ती येताना दिसली की भिंतीला चिकटायचं, ती पुढे जाईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. आणि तीही खांबाशेजारून जावं तशी त्याच्या शेजारून जायची. आजही गेली. फक्त आज जाताना तिला त्याच्या रक्ताचा वास आला. साखरेच्या पाकाचा.

दिवसभर ती स्टेडियमजवळच्या कोपऱ्यावर आपल्या छत्रीखाली बसून फळं सोलत राहिली. नारिंगी सालं, नारिंगी बोटं, वर मीठ, ज्याला हवा त्याला मध. गिऱ्हाइकं आली, गेली, कुणीतरी तिला उन्हाबद्दल काही म्हणालं, तिनं हो म्हटलं. पण आत ते ऊबदार काहीतरी अजून बसलेलं होतं, आगंतुकासारखं, निघायचं नाव घेत नव्हतं. तिला त्याची लाज वाटली नाही. आश्चर्य मात्र वाटलं. इतकी वर्षं ती पाद्र्यापुढे गुडघे टेकून सांगत आली होती, की मी त्याला क्षमा केली. पाद्री मान डोलवायचा. तिलाही ते खरं वाटायचं, कारण विल्मारचा विचार आला की तिला काहीच वाटायचं नाही. ना राग, ना शिवशिव, ना काही. ती या कोरडेपणाला क्षमा समजत होती. आणि आज कळलं, की खाली विहीर होती. झाकण होतं, त्यावर माती होती, मातीवर गवत उगवलं होतं, पण विहीर होती, आणि तिच्यात पाणी काठोकाठ होतं.

तिचा मुलगा दुवान गेला तो रविवार होता. लाल आणि हिरव्या संघांची मॅच, अख्खं काली शहर टीव्हीपुढे, आणि ती याच कोपऱ्यावर, कारण मॅचच्या दिवशी धंदा चांगला व्हायचा. स्टेडियममधून गोलचा आवाज उठला. तो आवाज माणसांचा वाटत नाही. मोठं जनावर कूस बदलतंय असं वाटतं. तोच आवाज त्याच वेळी टेकडीवरच्या घराघरांतून उठला, आणि त्या आवाजाच्या पोटात गोळ्या वाजल्या. शेजारी म्हणाले, आम्हाला फटाके वाटले. खरंच वाटले असतील. ती वर पोचली तेव्हा कुणीतरी त्याच्यावर पोपटांच्या नक्षीची चादर घातली होती. ती चादर कुणाची, हे कधीच कळलं नाही; कुणी परत मागायला आलं नाही. तिच्या गावी, किनाऱ्याकडच्या नदीकाठी, माणूस गेलं की बाया नऊ रात्री गातात. इथेही शेजारच्या चार बाया जमल्या, गायला बसल्या, पण ओर्फिलियाच्या गळ्यातून सूर निघेना. तिला सारखं एकच वाटत होतं, की आपण काहीतरी विचारायचं विसरलोय.

न्याय झाला. म्हणजे तसं तिला सांगण्यात आलं. आरोपी अल्पवयीन म्हणून सुनावणी बंद दाराआड; ती बाहेर लांबलचक बाकावर एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला नेल्फी, विल्मारची आई. दोघींच्या मधे बाकाचा रिकामा तुकडा आणि त्यावर कुणीतरी विसरलेली छत्री. वर्षानुवर्षं एकमेकींच्या चुलीवरून विस्तव नेणाऱ्या दोघी बाया त्या छत्रीकडे पाहत बसल्या होत्या. मग सरकारी वकील बाहेर आला. तरुण होता, पेपरमिंटची गोळी चघळत होता. म्हणाला, बंद सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झालाय, वयाच्या मानानं भरपूर शिक्षा झालीय. मग म्हणाला, मयतसुद्धा एका टोळीशी संबंधित होता, हेही न्यायालयानं लक्षात घेतलंय. आणि मग, कागद पिशवीत घालता घालता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "तसा तो लगेच गेला नसावा, डॉक्टरांच्या मते. थोडा वेळ असावा." हे एवढं वाक्य तो तिच्या हातात ठेवून गेला. थोडा वेळ. किती थोडा? भात उतू जातो तेवढा? एक गाणं होतं तेवढा? त्या थोड्या वेळात पायऱ्यांवर ऊन होतं, सगळ्यांची दारं बंद होती, आतून टीव्ही ओरडत होते, आणि तिचा मुलगा एकटा पडून वर आभाळाकडे पाहत होता. ती त्या थोड्या वेळात रोज जाऊन यायची. भांडी घासताना जायची, पातेलं उचलताना जायची. तिथं दुवान असायचा आणि दुसरं कुणी नसायचं.

दुवान टोळीशी संबंधित होता, हे खोटं नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी एक रेघ होती. रेघ कुणी आखली नव्हती, पण कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होती. रेघेच्या वर राहणारी पोरं वरची, खाली राहणारी खालची. दुवान वरचा पडला आणि विल्मार खालचा, जरी दोन घरांत हाकेचं अंतर होतं आणि दोघे एकाच परातीत खाऊन मोठे झाले होते. एकदा तांदळाच्या डब्यात हात घातल्यावर तिच्या बोटांना पिस्तूल लागलं होतं. तिनं ते काढलं, ओट्यावर ठेवलं, तांदूळ मोजून घेतले, पिस्तूल परत डब्यात घातलं आणि भात शिजवला. दुवाननं दोनदा वाढून घेतला. त्या भाताला लोखंडाचा वास येतोय असं तिला वाटत राहिलं, पण तो काही म्हणाला नाही, आणि तीही.

दुसऱ्या दिवशी ती सिनेमावाली बाई कोपऱ्यावर आली. सिल्वाना तिचं नाव, राजधानीतून आलेली, उन्हानं नाक सोललेलं. तिनं फळ मागितलं, मीठ नको म्हणाली, मग मीठ घाला म्हणाली, आणि छत्रीच्या सावलीत उकिडवी बसली.

"काल तुम्ही मधे आलात ना, ते आमच्या कॅमेऱ्यात आलंय," सिल्वाना म्हणाली. "मी रात्रभर तेच बघत बसले होते. तुमचा चेहरा."

"माझ्या चेहऱ्याला काय झालं?"

"मी इतक्या नट्या बघितल्या, ओर्फिलियाबाई. असं दुःख कुणाला करून दाखवता येत नाही. असं... म्हणजे रडणं नाही, ओरडणं नाही. जणू तुमचंच कुणीतरी तिथं पडलंय."

ओर्फिलियानं सुरी सालीखाली सरकवली. साल एका झटक्यात निघाली. "दुःख होतं होय ते," ती म्हणाली.

"आम्हाला त्या मुलाच्या आईचं काम करणारं कुणीतरी हवंय. एकच प्रसंग आहे. मुलगा मरून पडलाय, आई येते. तुम्ही कराल?"

"तुमच्या सिनेमात शेवटी न्याय मिळतो का?"

सिल्वानानं बोटावरचं मीठ चाटलं. "शेवट आम्ही उघडा ठेवलाय."

उघड्या दारातून कुत्री घरात शिरतात, असं ओर्फिलियाच्या मनात आलं. ती म्हणाली, "आणि मरणारा तोच? कालचा?"

"विल्मार. हो. तुमच्याच बाजूला राहतो, ओळखत असाल तुम्ही. गुणी मुलगा आहे. सुधारगृहात नाटक शिकला. त्यानं काय केलं होतं ते सगळं त्यानं आम्हाला सांगितलंय, काही लपवलेलं नाही."

सगळं, हा शब्द ओर्फिलियानं मनातल्या मनात उचलून पाहिला. त्या सगळ्यात एक नाव नव्हतं हे उघडच होतं. असतं तर ही बाई अशी समोर बसून फळ खात नसती. की मेलेल्याला आई असते हे विल्मारनं सांगितलंच नव्हतं? ती पुढचं फळ सोलू लागली. आपण हो म्हणणार हे तिला आधीच कळलं होतं, आणि का म्हणणार तेही. तिला त्याला पुन्हा मेलेला बघायचं होतं. ते जिभेवरचं पुन्हा चाखायचं होतं, आणि या वेळी कुणी पाणी मागून ते मोडायला नको होतं. "करते," ती म्हणाली.

संध्याकाळी, डोंगराकडून वारा सुटायच्या वेळी, दारावर थाप पडली.

"ओर्फिलिया, उघड. मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"तुला माहितेय कोण."

नेल्फी आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, हात पोटावर बांधून. केस पांढरे झाले होते. हे ओर्फिलियानं दुरून अनेकदा पाहिलं होतं, पण जवळून पाहिल्यावर तिला उगाच वाटलं की हिला कुणीतरी रंग लावायला हवा. पूर्वी ती स्वतःच लावून द्यायची.

"तो म्हणतोय, मी हे करणार नाही," नेल्फी म्हणाली. "उद्या ताप आलाय म्हणून सांगतो म्हणतोय."

"ताप आलाय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचंय त्याला. तोही माणूसच आहे."

"असं?"

नेल्फीनं मान हलवली. "मार टोमणे. मार. मला सवय आहे. मासळीवालीसुद्धा मला काट्याचाच तुकडा काढून देते. पण तू का हो म्हणालीस, ते सांग."

"मला नटी व्हायचंय."

"या वयात?"

"लवकर सुरुवात केली असती, पण आरसा नव्हता घरात."

दोघींच्याही तोंडाचे कोपरे एकदम हलले आणि दोघींनीही ते जागच्या जागी आवळले. वाऱ्यानं दाराचा पडदा दोघींच्या मधे फुगला, पुन्हा खाली बसला.

"त्याला काही करू नकोस, ओर्फिलिया."

"मी काय करणार? म्हातारी बाई मी. फळं सोलते."

"कशानं सोलतेस?"

"सुरीनं."

"ती उद्या घरी ठेव."

"ठेवीन," ओर्फिलिया म्हणाली. "आणि त्याला सांग, ताप येऊ देऊ नकोस म्हणावं."

सुरी तिनं घरीच ठेवली. सकाळी सुरी ओट्यावरच आहे हे आठवणीनं पाहून ती निघाली, आणि उतरताना हात कसे रिकामे वाटत होते. वळणावर दोऱ्या बांधल्या होत्या, दोरीपलीकडे अर्धी टेकडी जमली होती. खालची पोरं खाली, वरची वर. सिनेमाच्या निमित्तानं रेघ जरा पातळ झाली होती, पुसली नव्हती. नेल्फी कुठं दिसली नाही. विल्मार भिंतीशी बसला होता आणि एक मुलगी त्याच्या बनियनवर बाटलीतून लाल पाक ओतत होती. त्यानं वर पाहिलं नाही. सिल्वाना ओर्फिलियाला बाजूला घेऊन सांगू लागली: तुम्हाला बातमी कळलीय, तुम्ही वरून धावत येता, माणसं बाजूला सारता, खाली बसता, त्याचं डोकं मांडीवर घेता. पुढे तुम्हाला वाटेल ते.

"वाटेल ते?"

"अगदी वाटेल ते. मी मधे काहीसुद्धा बोलणार नाही."

पहिल्यांदा धावत आली तेव्हा ती नुसती वाट बघत होती. बसली, डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि त्या उबेची वाट बघत राहिली, बसची बघावी तशी. ऊब आली नाही. डोकं हलकं होतं, फार हलकं, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो मान ताठ धरून ते तोलून ठेवतोय, तिच्या मांडीवर भार पडू नये म्हणून. "थांबा," सिल्वाना ओरडली. "विल्मार, मान सैल सोड. मेलायस तू." दुसऱ्यांदा त्यानं मान सोडली. मग डोक्याचं सगळं ओझं एकदम तिच्या मांडीत उतरलं आणि तिला धक्का बसला, कारण हे वजन तिच्या ओळखीचं होतं. दुपारच्या वेळी, भिंतीला पाठ लावून, दोन्ही मांड्यांवर दोन पोरं झोपलेली असायची, एक तिचं, एक नेल्फीचं, आणि वजनावरून कुठलं कुठलं हे डोळे मिटून सांगता यायचं. हे नेल्फीचं. दाढी आली होती, जबडा रुंद झाला होता, पण उजव्या भुवईत ती पांढरी रेघ तशीच होती. दुवाननं दगड मारला होता. कशावरून, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. रक्त मात्र भरपूर आलं होतं, आणि तिनं त्या भेगेत कॉफीची पूड दाबून धरली होती. पोरगं रडलं नव्हतं. उलट म्हणालं होतं, "मावशी, दुवानला मारू नका हं." ती हे आठवत बसली आणि तिचा चेहरा नुसता दमलेल्या बाईचा चेहरा होऊन राहिला. सिल्वाना जवळ आली, काही बोलणार नाही म्हणाली होती तरी बोलली, "त्या दिवशीसारखं, ओर्फिलियाबाई. त्या दिवशी जे मनात आलं होतं, तेच फक्त आठवा."

तेच आठवा. ती परत वर चढली, परत धावत आली. ऊन आता पायऱ्यांवर पसरलं होतं आणि पाकावर माशा बसू लागल्या होत्या. तिनं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे डोळे अर्धे उघडे, छाती निश्चल. तो शिकला होता चांगलं. पण गळ्यापाशी, कातडीखाली, एक शीर उडत होती. टुक, टुक, टुक. ती शीर तिला बघवेना. तिच्या मुलाची थांबली होती, आणि ही चालू होती. जेवत होती, झोपत होती, नाटकं करत होती. काय अधिकार होता हिला? आणि मग ते आलं. त्या सकाळसारखं ऊबदार नव्हतं. थंड, सरळ, साफ. तिनं उजवा तळवा त्याच्या कपाळावर ठेवला, डोळ्यांवरून खाली आणला, जशी कुठलीही आई आणेल तसा, आणि नाकातोंडावर आल्यावर तो तिथंच ठेवला. मग दाबला. दुसऱ्या हातानं मान धरली. कॅमेऱ्याच्या बाजूनं तिच्या केसांचा आडोसा पडला होता. तळव्याखाली त्याचे ओठ ओले होते. तो हलला नाही.

तिला वाटलं होतं की तो लगेच झटकून देईल. मग पोरं हसतील, तिचा हात खाली पडेल, संपेल. तो पडून राहिला. त्याला कळलं नसेल असं नव्हतं. अर्ध्या उघड्या पापण्यांखाली बुबुळं वळली होती आणि तिच्याकडे पाहत होती. त्यांत भीती होती, पण विनंती नव्हती. तो देत होता. घे म्हणत होता. आणि ती घेत होती. छाती आतून एकदा उचकली, त्यानं ती दाबली. पुन्हा उचकली. गळ्याची शीर वेडीवाकडी धावायला लागली. दोरीपलीकडची माणसं इतकी गप्प होती की पाकावरची माशी ऐकू येत होती. कुणीतरी हुंदका दिला. ओर्फिलियाला दूरवरून दिसलं, की ती पायऱ्यांवर बसून एका माणसाला मारतेय आणि सगळं गाव त्याकडे बघून रडतंय. आणि तेवढ्यात त्याचा हात उठला. त्याचा असा तो नव्हताच. त्यानं पडून राहायचं ठरवलं होतं, हातानं नव्हतं ठरवलं. हात आंधळ्यासारखा वर आला, तिचं मनगट शोधलं आणि धरलं. ओढलं नाही, झटकलं नाही, नुसतं धरलं. नखं रुतली. त्या पकडीत विल्मार नव्हता, त्यानं केलेलं काही नव्हतं, वरचा-खालचा नव्हता. त्या पकडीला फक्त इथं राहायचं होतं. चटका बसावा तसा तिनं तळवा उचलला. दया वगैरे काही नव्हतं त्यात. हात उचलला गेला, एवढंच.

विल्मार कुशीवर वळला आणि घशातून विचित्र आवाज करत श्वास ओढू लागला. खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग सिल्वाना पुढे आली, "काय झालं? काय झालं रे?"

विल्मारनं गुडघ्यांवर हात टेकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माशी," तो म्हणाला. "माशी गेली नाकात."

टेकडी हसली. वरची, खालची, सगळी पोरं एकदम हसली. "अरे मेलेल्याला माशीचं काय!" कुणीतरी ओरडलं. सिल्वानाही हसली आणि डोळे पुसत ओर्फिलियाचे खांदे धरून म्हणाली, की तो खोकला तेवढा काढून टाकू, बाकी सगळं अप्रतिम होतं, तो मायेचा हात तर कुणी सांगूनसुद्धा सुचला नसता. अजून एकदा घ्यायचं का, असं तिनं विचारलं. "नाही," ओर्फिलिया म्हणाली. "आता नाही."

पाण्याच्या टाकीखाली नळ होता. ती तिथं जाऊन हात धुऊ लागली. पाक बोटांच्या बेचक्यांत बसला होता, पाण्यानं निघायच्या आधी तो आणखी चिकट होत होता. मनगटावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. त्यांवरून पाणी गेलं की झोंबत होतं. तिला रडू येत नव्हतं आणि दुसरंही काही येत नव्हतं; विहीर पार उपसली गेल्यावर तळाशी गाळ उघडा पडावा, तसं आतून सगळं दिसत होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं. मागे पावलं वाजली आणि थांबली. नळ एकच होता. तो आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता. भिंत जवळ होती, तरी आज तो भिंतीला चिकटला नाही.

"मावशी," तो म्हणाला.

तिनं मागे पाहिलं नाही.

"त्यानंही असंच धरलं होतं."

पाणी पडत होतं. तिनं नळ बंद केला नाही, हातही मागे घेतला नाही.

"दुवाननं. माझं मनगट. गोळ्या लागल्यावर मी पळत होतो, तर त्यानं हाक मारली. नाव घेऊन. मी मागे आलो. का आलो, माहीत नाही. त्यानं मनगट धरलं. घट्ट. मला वाटलं, शिव्या देईल. पण तो काही बोललाच नाही."

"किती वेळ?" तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"बराच वेळ. आत मॅच चालू होती. सगळे ओरडत होते."

"आणि तू?"

त्यानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी सोडवून नाही घेतलं. त्याचं त्यानं सोडलं, मग गेलो."

"हे तिथं सांगितलंस? त्या खोलीत?"

"त्यांनी विचारलं नाही."

ओर्फिलिया उभी राहिली. पायऱ्यांवर ऊन होतं, दारं बंद होती, आतून टीव्ही ओरडत होते. सगळं तसंच होतं, फक्त तिचा मुलगा तिथं एकटा नव्हता. त्याच्याजवळ एकजण बसला होता, ज्यानं त्याला मारलं होतं, आणि त्यानं आपला हात दुवानला धरू दिला होता. हे तिला कुठं ठेवावं कळेना. याला क्षमा म्हणता येत नव्हतं आणि न्याय तर नाहीच. पण ते जड होतं, आणि आपलं होतं, आणि इतकी वर्षं ते याच्याजवळ पडून होतं. तिला ओरडावंसं वाटलं, याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, हा जाऊ नये, अजून काहीतरी सांगत राहावा, दुवानच्या अंगावर कुठला शर्ट होता, त्याचे डोळे कुठं होते, ऊन कुठवर आलं होतं, हे सगळं सांगत राहावा, असंही वाटलं. तिनं पदरासारखा एप्रनचा कोपरा घेऊन हात पुसले. ते पुसले गेले नाहीत.

मग ती नळापासून एक पाऊल बाजूला सरकली आणि म्हणाली, "ये. तोंड धू. आणि मग सांग."